ओनर मी एकटाच

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मोठी जबाबदारी आली की माणसाने मनातलं कुठेतरी उतरवून ठेवावं, एवढाच हेतू.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. (साहेब माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान आहेत. मला त्याचं काही वाटत नाही.) म्हणाले, आपल्या कोडला कोण कोण हात लावू शकतं याचा कुणालाच पत्ता नाही, ऑडिटवाले विचारतायत, हे तुम्ही बघाल का? मी विचारलं, मीच का? म्हणाले, बाकी सगळ्यांना कामं आहेत.

म्हणजे हे साध्या कामांपैकी नाही, हे त्यांनाही कळतं तर.

आम्ही रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कुठल्या फ्रिजमध्ये कुठल्या रक्तगटाच्या किती पिशव्या, कुठली कधी बाद होणार, हे त्यांना आमच्या स्क्रीनवर दिसतं. त्याचं सगळं कोड एका प्लॅटफॉर्मवर ठेवलेलं असतं, वेगवेगळ्या प्रोजेक्टांत. आज आत शिरून बघितलं. प्रत्येक जण प्रत्येक प्रोजेक्टचा ओनर! नोकरी सोडून गेलेलेसुद्धा. नुसती धर्मशाळा. रक्ताचे गट असतात, मग ते सांभाळणाऱ्या माणसांचे नकोत?

संकल्प: महिनाभरात शिस्त. शिवाय रोज सकाळी चालणं, आणि डाव्या दाढेचं काय ते एकदा बघून घेणं.

४ मार्च, मंगळवार

चाललो नाही. बूट सापडले नाहीत.

व्हाइटबोर्डवर झाड काढलं. वर आईग्रुप, खाली पोटग्रुप. आईग्रुपमध्ये ज्याला अ‍ॅक्सेस मिळाला त्याला सगळ्या पोटग्रुपांत तो आपोआप मिळतो. वारसाहक्कच, फक्त भांडणं नाहीत. चार रंग वापरले. हिरवा गेस्ट, हा नुसता डोकावणार. निळा रिपोर्टर, हा वाचणार आणि तक्रार करणार. काळा डेव्हलपर, हा कोड लिहिणार, पण ते मूळ कोडात मिसळणार नाही. मिसळायला मंजुरी देणार तो ओनर. लाल. लाल रंगात एकच नाव लिहिलं. लिहिताना जरा भरून आलं.

जेवून परत आलो तर झाड पुसलेलं. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकवर काय लिहायचं ते तिथे लिहिलं होतं. माझ्याच लाल मार्करने.

६ मार्च, गुरुवार

ग्रुप तयार झाले. एकूण बरेच झाले. काही ग्रुपांत एकेकच माणूस आहे, पण ग्रुप भक्कम आहे.

यापुढे अ‍ॅक्सेस हवा असेल तर रिक्वेस्ट टाकायची. काय हवं, का हवं, किती दिवस हवं, तिन्ही लिहायचं. सगळ्यांना मेल केली. विषय दिला, ‘एका नव्या पर्वाची सुरुवात’. दिवसभरात एक उत्तर आलं. रजेवर असलेल्या माणसाचं, की तो रजेवर आहे.

हिला संध्याकाळी सगळं समजावून सांगितलं. ही शाळेत उपमुख्याध्यापिका आहे, तिला शिस्तीचं महत्त्व कळतं. ती उत्तरपत्रिका तपासत होती. म्हणाली, आणि तू आजारी पडलास तर? मी म्हटलं, मी आजारी पडतो का कधी? यावर तिने ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेत कौतुक होतं असं मला वाटतं. मग म्हणाली, दाढ दाखवलीस का?

दाढ काही इतकी दुखत नाही. थंड लागलं, गरम लागलं किंवा काहीच लागलं नाही, तरच दुखते.

१० मार्च, सोमवार

आज लागू केलं. सगळ्यांची ओनरशिप काढली. एकेका नावासमोर क्लिक करताना फार शांत वाटत होतं.

अकराच्या सुमारास दाढी आला. रक्तपेढीच्या प्रोजेक्टचा हा मुख्य प्रोग्रॅमर. ऑफिसात सगळेच त्याला दाढी म्हणतात, कारण आधी दाढी आत येते आणि मग तो. ते कोड बव्हंशी त्यानेच लिहिलेलं आहे. माझ्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला, सर, म्हणजे मी लिहिणार आणि मंजूर तुम्ही करणार? मी म्हटलं, हो. म्हणाला, वाचून करणार? मी म्हटलं, अर्थात. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, दाढी कुरवाळली आणि गेला.

आदर माणसाला असा नि:शब्द करतो.

११ मार्च, मंगळवार

सकाळी इमारतीचा प्लंबर वर आला. हातात पाना. म्हणाला, सायेब, कालपासून फोनवर तुमच्या हापिसाच्या मेली येतायत, थांबतच नाहीत, आणि एकीत लिवलंय लीक आहे म्हणून, तर कुठल्या मजल्यावर?

मेल बघितली. मेमरी लीक. कोडमधली.

झालं असं की प्लॅटफॉर्मवर मेंटेनन्स नावाचे दोन ग्रुप निघाले. एक आमच्या सॉफ्टवेअरच्या मेंटेनन्सवाल्यांचा आणि एक इमारतीच्या मेंटेनन्सवाल्यांचा, नळ आणि दिव्यांच्या तक्रारी नोंदवायला कुणीतरी कधीतरी केलेला. काल मी रक्तपेढीच्या प्रोजेक्टला यातला एक जोडला. तो प्लंबरचा निघाला. म्हणजे काल दिवसभर रक्तपेढीच्या कोडमध्ये बदल करायचा हक्क प्लंबरला, इलेक्ट्रिशियनला आणि लिफ्टवाल्याला होता, आणि आमच्या मेंटेनन्सवाल्यांना नव्हता. त्यांनी तक्रारही केली नाही. त्यांना वाटलं, नवं पर्व असंच असेल.

प्लंबरला सांगितलं, ही चाचणी होती. तो म्हणाला, मग पास झालो का? मी म्हटलं, उत्तम. जाता जाता त्याने पँट्रीतला गळका नळ नीट केला. त्यामुळे दिवस अगदीच वाया गेला असं म्हणता येत नाही.

१३ मार्च, गुरुवार

जे तत्त्व ऑफिसात चालतं ते घरातही चालायला हवं. आमचं घरचं एक फोल्डर आहे, तिघांचं मिळून. बिलं, पासपोर्टच्या कॉप्या, फोटो, बाजाराची यादी, सगळं एकात कोंबलेलं. आज बसून लावलं. ओनर मी. ही रिपोर्टर. कन्या गेस्ट, कारण ती कॉलेजात असते आणि घरी तशीही पाहुण्यासारखीच येते.

संध्याकाळी ही म्हणाली, बाजाराच्या यादीत साबण लिहिता येत नाहीये. मी म्हटलं, रिक्वेस्ट टाक, लगेच बघतो. तिने रिक्वेस्ट टाकली नाही. कागदावर साबण लिहून तो कागद फ्रिजला चिकटवला. कन्येने त्याच कागदावर शाम्पू लिहिला.

माणसं बदलाला घाबरतात. मी रागावलो नाही. फोल्डरमधल्या यादीत मी एकट्याने दोन्ही लिहून घेतलं.

१७ मार्च, सोमवार

रिक्वेस्टी साचल्या. शनिवार-रविवार बघितलं नाही, तर आज उघडल्यावर खाली खाली सरकवतच राहिलो. ह्याला हे वाचायचंय, तिला ते लिहायचंय. ‘का हवं’ या रकान्यात कुणीतरी लिहिलंय, पगार मिळतो म्हणून. त्याला परत पाठवलं, नीट कारण द्या म्हणून.

शिवाय कोडमधले बदल. तेही सगळे माझ्याच मंजुरीला थांबलेले. साहेब येऊन म्हणाले, कामं अडलीयत म्हणतात. मी म्हटलं, अडलेली नाहीत, सुरक्षित आहेत. ते म्हणाले, आजच्या आज सोडा.

म्हणून दुपारनंतर बसून सोडले. एकामागून एक. मेंटेनन्सच्या एका पोराने रक्तपेढीच्या साठ्याच्या हिशोबात, तारखांच्या तिथे काहीतरी बदललं होतं. तेही मंजूर केलं. वाचलं नाही असं नाही. वाचलं. दोनदा वाचलं. आता ज्या पद्धतीने लिहितात ती वेगळी आहे. आम्ही लिहायचो तेव्हा एक ओळ एक गोष्ट सांगायची.

दाढीला विचारता आलं असतं. पण तो मग विचारणार, सर, तुम्हाला कळलं नाही का.

दमलोय. दाढ ठणकतेय. उद्यापासून चालायला जाणार.

२० मार्च, गुरुवार

चालणं: कन्येने बूट हॉस्टेलवर नेलेत असं कळलं. तिच्या मैत्रिणीला होतात म्हणे.

आज खिडकीवाली आली. ही दाढीच्या टीममधली, कायम खिडकीपाशी बसते, कमी बोलते आणि बोलते तेव्हा मुद्द्याचं बोलते. म्हणाली, सर, एक विचारू? रक्तपेढीच्या प्रोजेक्टला अजून एक ओनर करून ठेवू या का? तुम्ही कधी नसलात तर. मी तिला बसवून समजावलं की दोन ओनर म्हणजे अर्धे अर्धे ओनर, आणि जबाबदारी अर्धी झाली की ती कुणाचीच राहत नाही. ती म्हणाली, दाढी नको असेल तर मी होते, किंवा साहेबांना करा, कुणीही चालेल. मी म्हटलं, मी आहे ना. म्हणाली, हो सर, ते आहेच. पण तुमचा गाल सुजलाय.

बाथरूममध्ये जाऊन बघितलं. थोडा भरलेला दिसतो. एका बाजूने तब्येत सुधारल्यासारखं वाटतं.

२४ मार्च, सोमवार

गाल आता माझ्याआधी पोचतो. मीटिंगमध्ये मी बोलताना सगळे अतिशय लक्ष देऊन ऐकत होते. नंतर कळलं की मी काय म्हणतोय ते कुणालाच समजत नव्हतं.

दाढ आणि दाढी, दोन्हींनी मिळून जीव खाल्लाय. एक आतून ठणकते, दुसरा दर तासाला येऊन विचारतो, सर, माझं ते मंजूर झालं का?

हिने स्वतःच बुधवारची अपॉइंटमेंट घेतली. मी म्हटलं, बुधवारी जमणार नाही, ऑफिसचं सगळं माझ्यावर आहे. म्हणाली, मी रजा टाकलीय, तू गाडीत बसायचंस.

२६ मार्च, बुधवार. संध्याकाळ

तोंडात कापूस आहे. लिहायला तोंड लागत नाही, म्हणून लिहितो. आजचा दिवस नोंदवून ठेवायलाच हवा.

दुपारी दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत होतो. इंजेक्शन देऊन झालेलं, तोंडात दोन-तीन अवजारं, डोळ्यांवर दिवा. फोन हिच्या पर्समध्ये, ही बाहेर बाकावर. तो सारखा वाजत होता ते आत ऐकू येत होतं. मला उठायचं होतं. डॉक्टर म्हणाले, हलू नका.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर हिने सांगितलं. एका रक्तपेढीत आमची स्क्रीन सांगत होती की ओ निगेटिव्हच्या सहा पिशव्या आहेत. शेजारच्या हॉस्पिटलात एक बाई ऑपरेशनच्या टेबलावर, बाळंतपणात रक्त फार गेलेलं. रक्त मागवलं. टेक्निशियन बाईंनी फ्रिज उघडला तर एकही चालणारी पिशवी नाही. सहा होत्या त्या मुदत संपलेल्या, बाजूला काढून ठेवलेल्या. आमचा हिशोब त्यांनाही धरत होता. त्या बाई एकीकडे दुसऱ्या पेढ्यांना फोन लावत होत्या आणि दुसरीकडे आमच्या ऑफिसला. बाकीच्या पेढ्यांच्या स्क्रीनवरही असेच खोटे आकडे असणार, म्हणजे विचारायचं तरी कुणाला?

दाढीला चूक लगेच सापडली. दुरुस्तीही लिहून झाली. पण मूळ कोडात मिसळायला मंजुरी हवी, आणि ओनर एकच. त्याचं तोंड उघडं होतं पण उपयोग नव्हता.

खिडकीवालीने हिला फोनवर सगळं सांगितलं. दाढीला ओनर करायचं, एवढंच. ही दारात येऊन उभी राहिली आणि मला मोठ्याने विचारलं, दाढीचं करून टाकू ना?

मला ऐकू आलं, दाढेचं करून टाकू ना.

मी जोरजोरात मान हलवली. तीन आठवडे सोसलं होतं, दाढेचं जे काही करायचं ते करून टाका, असं मला सांगायचं होतं. ही पुढे आली, खुर्चीच्या हातावरचा माझा हात उचलला, माझा अंगठा माझ्या फोनवर ठेवला, फोन उघडला आणि बाहेर गेली. डॉक्टरांनी विचारलं, मिस्टरांची इस्टेट वगैरे लिहून घेताय का? ही म्हणाली, छे हो, रक्त आहे.

तोपर्यंत दाढ निघाली होती. अंगठाही लागला होता. नोकरीत एवढी वर्षं सही करत आलो, आज अंगठा.

दाढीने दुरुस्ती मिसळली, स्क्रीनवर खरे आकडे आले. दुसऱ्या पेढीत दोन पिशव्या मिळाल्या, गाडीने पोचल्या. बाई वाचली. बाळही. हे खिडकीवालीने हिला कळवलं, मला नाही. हिने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाली, ती बाई आमच्या शाळेतल्या एखाद्या पोराची आई असू शकली असती.

मला बोलता येत नव्हतं. जीभ सुजल्यासारखी झालेली. ते एक बरं होतं.

२७ मार्च, गुरुवार

घरी. पातळ सूप. डॉक्टरांनी दोन दिवस बोलू नका म्हणून सांगितलंय.

शांतपणे विचार केला. कालच्या प्रसंगात व्यवस्था कोसळली असं कुणी म्हणेल, पण तटस्थपणे पाहता आणीबाणीच्या वेळी ओनरची संमती मिळाली, रीतसर मिळाली, आणि वेळेत मिळाली. एखाद्याचा अंगठाही मिळाला नसता. त्यावर एक मुद्देसूद टिपण करून साहेबांना पाठवतो. शीर्षक: ‘आणीबाणीतील अंगठा: एक आदर्श पद्धत’.

दुपारी टेक्निशियन बाईंचा फोन आला. नंबर कुणी दिला कोण जाणे. मी बोलू शकत नव्हतो, म्हणून ही शेजारी बसली आणि फोन स्पीकरवर टाकला. बाईंनी विचारलं, तुमच्या ऑफिसातून कळलं की तारखांच्या एका बदलामुळे हे झालं, तो मंजूर कुणी केला, ते मला हवंय. आवाज चढलेला नव्हता. त्या म्हणाल्या, मी काल तासभर फोन लावत होते, मला फक्त एवढंच सांगा की कुणीतरी तो वाचून मंजूर केला होता ना?

ही माझ्याकडे बघत होती.

मी मान हलवली. हो म्हणून. ही फोनमध्ये म्हणाली, ते म्हणतायत, वाचला होता. बाई म्हणाल्या, बरं. आणि ठेवला.

टिपण उद्या लिहीन.

२८ मार्च, शुक्रवार

साहेबांनी मीटिंग घेतली. मी फडकं बांधून हजर. कुणाला दोष द्यायचा नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, आणि ते सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. मेंटेनन्सचं पोरगं रडवेलं झालं होतं. म्हणालं, माझीच चूक, पण मला वाटलं वर कुणीतरी बघेल. दाढी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुझं काम लिहायचं, बघायचं काम दुसऱ्याचं.

मला त्यावर बोलायचं होतं. डॉक्टरांनी बोलू नका सांगितलेलं. मी नियम पाळतो.

ठरलं काय ते नीट कळलं नाही. दाढी आणि खिडकीवाली मिळून ‘थोडं आवरून घेतील’ असं साहेब म्हणाले. माझ्या व्यवस्थेवर शेवटचा हात फिरवतील, असा अर्थ मी घेतला.

१ एप्रिल, मंगळवार

गाल जागेवर. परत कामाला लागलो. मोठे बदल केले. डेव्हलपरचे दोन पोटग्रुप केले, एक नियमित आणि एक तात्पुरता. दाढीला तात्पुरत्यात टाकलं. थोडी जरब बसावी म्हणून. तीन जणांना गेस्ट केलं. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. एकही तक्रार नाही.

मंजुरीच्या रांगेतही काही नाही. रांगच नाही. पूर्वी इथे कशी गर्दी असायची! शिस्त अंगवळणी पडली की असं होतं. वरून शांत दिसतं, पण त्यामागे मेहनत असते.

२ एप्रिल, बुधवार

आजही रांग रिकामी. खरं सांगायचं तर जरा करमत नाही.

एक शंका आली, की मला ओनरशिपवरून काढणार असतील. मनाची तयारी केली. जाताना काय बोलायचं तेही ठरवलं. ‘मी कुंपण घातलं, कारण आत काहीतरी मोलाचं होतं.’ आरशासमोर दोनदा म्हटलं. हिने विचारलं, कुंपण कसलं, बाल्कनीत का? तर लगेच घालू नको, कुंड्या हलवायच्यात.

प्लॅटफॉर्म उघडून बघितला. मी ओनर आहेच. सगळ्या ग्रुपांचा. काढलेलं नाही. विश्वास आहे त्यांचा.

४ एप्रिल, शुक्रवार

दुपारी खिडकीवालीकडे गेलो. सहज. म्हटलं, माझ्या ग्रुपांमध्ये काही सुधारणा हव्यात का? ती टाईप करत होती, थांबली. म्हणाली, नको सर, तुमचे ग्रुप आम्ही तसेच ठेवलेत. एकालाही हात लावलेला नाही.

मी म्हटलं, थँक्यू.

मग तिला बहुतेक राहवलं नाही. म्हणाली, फक्त ते आता कुठल्या प्रोजेक्टला जोडलेले नाहीत. मीटिंग झाली त्याच दिवशी काढले. आम्ही नवीन दोनच ग्रुप केले, एक लिहिणाऱ्यांचा आणि एक बघणाऱ्यांचा. बघायला दोघं लागतात, म्हणजे एक नसला तरी दुसरा असतो.

मी विचारलं, मग मी मंगळवारी दाढीला तात्पुरत्यात टाकलं ते? म्हणाली, त्याला नाही कळलं, सर. मी विचारलं, आणि माझे ग्रुप काढून का नाही टाकले? ती म्हणाली, असू देत, कुणाला त्रास नाही त्यांचा.

हे तिने अगदी मऊ आवाजात सांगितलं. ओरडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

टेबलावर येऊन झाड उघडून बसलो. आईग्रुप, त्याखाली पोटग्रुप, त्याखाली त्यांची पोटं. प्रत्येकात माणसं आहेत, रंग आहेत, हक्क आहेत. हक्क कशावर आहे त्या रकान्यात सगळीकडे शून्य. बाहेरून फार सुंदर दिसतं.

घरी लवकर आलो. हिने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, दाढ. म्हणाली, ती तर काढली. मी म्हटलं, तिथेच.

मग तिला सांगितलं. तो तारखांचा बदल मी वाचला होता, पण मला कळला नव्हता. गेली काही वर्षं मला बरंचसं कळत नाही. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली. म्हणाली, मला माहीत होतं. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, पूर्वी तू घरी येऊन कोडबद्दल सांगायचास. मग माणसांबद्दल सांगायला लागलास. मी म्हटलं, मग त्या दिवशी फोनवर तू का सांगितलंस त्यांना, वाचला होता म्हणून? ती म्हणाली, तू मान हलवलीस. तुझं तोंड बंद होतं, मी काय वेगळं सांगणार?

उद्या टेक्निशियन बाईंना फोन करायचा. नंबर आहे.

५ एप्रिल, शनिवार

फोन केला. बाई सुटीवर. दुसऱ्याच कुणीतरी उचलला. निरोप ठेवता का विचारलं. एवढं सगळं निरोपात कसं सांगायचं? म्हटलं, पुन्हा करतो.

७ एप्रिल, सोमवार

पुन्हा केला नाही. आज सोमवार, त्यांना गर्दी असेल. या आठवड्यात नक्की.

ऑफिसात एक नवीन टेस्टर आली. तिशी-पस्तिशीची असेल, घाईघाईने चालणारी, आधीच्या नोकरीची बॅग घेऊन. अकरा वाजता माझ्या स्क्रीनवर रिक्वेस्ट आली. कित्येक दिवसांनी पहिलीच! तिने कुठल्यातरी जुन्या मेलवरून मला शोधलं होतं. काय हवं, का हवं, किती दिवस हवं, तिन्ही नीट भरलेलं. का हवं यात लिहिलं होतं, रक्तपेढीचं काम नीट तपासायचं आहे, मागे काहीतरी गंभीर झालं होतं असं ऐकलं.

मी मंजूर केलं. थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसलो.

जरा वेळाने ती माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, अ‍ॅक्सेस मिळाला असं दिसतंय, पण आत काहीच दिसत नाही, माझ्याकडून काही चुकलं का?

समजावून सांगावं असं फार वाटलं. झाड, आईग्रुप, वारसाहक्क, तात्पुरते आणि नियमित. तोंडही उघडलं होतं. ती घड्याळ बघत होती.

म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. खिडकीपाशी बसतात त्या बाईंकडे जा, त्या लगेच करून देतील.

ती म्हणाली, बरं झालं विचारलं, थँक्यू काका. आणि गेली.

पंचवीस वर्षं इथे आहे, मला ऑफिसात आजवर कुणी काका म्हटलेलं नाही. सर म्हणा, असं सांगायला हवं होतं. तोपर्यंत ती खिडकीपाशी पोचली होती आणि तिच्या स्क्रीनवर सगळं उघडलंही होतं.